ऑक्सिजन सोडल्यानंतरचे हिमोग्लोबिन

गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या भागात आरोग्य उपकेंद्रातून रक्त तपासून आलेल्या माणसाच्या हातातल्या कागदावर बहुधा दोन नोंदी असतात: एक हिमोग्लोबिनचा आकडा आणि दुसरी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या चाचणीचा निकाल. पहिल्या नोंदीबद्दल लोक चारचौघांत मोकळेपणाने बोलतात, दुसरीबद्दल मात्र, विशेषतः घरात लग्नाची मुलगी असेल तर, आवाज खाली येतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून हे कागद अनेकदा माझ्यापुढे ठेवले जातात, आणि या दोन्ही नोंदी एकाच प्रथिनाविषयी आहेत हे सांगितले की बहुतेकांना नवल वाटते.

आधी आकड्याचे पाहू. रक्तातल्या पाण्यात ऑक्सिजन विरघळतो, पण तो इतका थोडा, की 100 मिलिलिटर रक्तात त्याचे प्रमाण 0.3 मिलिलिटरच्या आसपास राहते, आणि एवढ्यावर माणूस अंथरुणावर पडूनही जगू शकणार नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन मात्र सुमारे 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन धरते, म्हणजे 100 मिलिलिटरमध्ये 15 ग्रॅम हिमोग्लोबिन असलेले रक्त सुमारे 20 मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेते. ज्या बाईचा आकडा 7 आहे तिच्या रक्ताची क्षमता साडेनऊ मिलिलिटरच्याही आत येते, आणि तरीही ती दिवसभर चिखलात वाकून धानाची रोवणी करत असते. तिला लागणारी धाप हा कामचुकारपणा नव्हे, हे घरातल्या पुरुषांना समजावण्यासाठी मला याहून चांगला हिशेब सापडलेला नाही.

पण केवळ किती ऑक्सिजन धरला जातो यावर हिमोग्लोबिनची खरी थोरवी ठरत नाही. नेमक्या जागी तो सोडता आला पाहिजे. या रेणूत दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्या असतात आणि प्रत्येकीच्या कुशीत लोहाचा एक अणू असतो, ज्याला ऑक्सिजनचा एक रेणू चिकटतो. मॅक्स पेरुट्झ यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने या रेणूची रचना उलगडली आणि त्यांना 1962 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ऑक्सिजन धरलेले आणि सोडलेले हिमोग्लोबिन यांचा आकार वेगळा असतो, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झाले. एका साखळीला ऑक्सिजन मिळाला की बाकीच्यांना तो धरणे सोपे जाते, आणि एकीने सोडला की इतरांचीही पकड सैल होते. त्यामुळे फुप्फुसात जवळजवळ पूर्ण भरलेले हे प्रथिन विश्रांतीच्या वेळी आपल्या साठ्याचा साधारण चौथा भागच ऊतींना देते. उरलेला साठा स्नायू राबू लागले की कामी येतो.

स्नायूंना जास्त ऑक्सिजन हवा आहे हे रक्ताला कळते ते कार्बन डायऑक्साइडमुळे. हा वायू वाढला आणि त्यामुळे रक्तातली आम्लता वाढली की हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड ढिली होते, असे कोपनहेगनमध्ये क्रिस्टियन बोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1904 मध्ये दाखवले. (अणुरचनेमुळे प्रसिद्ध झालेले नील्स बोर हे त्यांचे पुत्र.) ऑक्सिजन उतरला की त्याच जागेवर कार्बन डायऑक्साइड बसतो, असे माझे बरेच विद्यार्थी लिहितात, आणि ते चूक आहे. हा वायू लोहाला चिकटत नाही. तो प्रथिनाच्या साखळ्यांच्या टोकांशी जोडला जातो, आणि तोही एकूण वायूच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतकाच. सुमारे 70 टक्के वायू बायकार्बोनेटच्या रूपात प्रवास करतो. हे रूपांतर आपोआप व्हायचे तर फार वेळ लागेल, आणि केशवाहिनीतून जाताना रक्ताकडे जेमतेम एक सेकंद असतो. म्हणून तांबड्या पेशीत कार्बोनिक अनहायड्रेज नावाचे विकर असते, ज्याचा एक रेणू सेकंदाला दहा लाखांपर्यंत रेणूंचे रूपांतर करू शकतो. त्यातून सुटणारे आम्ल ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिनच शोषून घेते, आणि फुप्फुसात हा सगळा व्यवहार उलटा होतो.

आता दुसरी नोंद. सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूचा आजार आहे हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी 1949 मध्ये दाखवले, आणि बीटा साखळीतल्या 146 अमिनो आम्लांपैकी केवळ सहावे बदललेले असते, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आलेले असते, हे व्हर्नन इन्ग्राम यांच्या संशोधनातून पुढे उघड झाले. असे हिमोग्लोबिन फुप्फुसात ऑक्सिजन व्यवस्थित घेते. बिघाड होतो तो ऑक्सिजन सोडल्यानंतर, कारण बदललेल्या आकारात एका रेणूचे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसते, रेणूंच्या लांबच लांब काड्या तयार होतात आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी ताठ होते. उपकेंद्रातली प्राथमिक चाचणीही याच गुणधर्मावर आधारलेली आहे: नळीतले रसायन रक्तातला ऑक्सिजन काढून घेते, आणि दोषी हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होते. वाहक (ज्याला हा दोष आई-वडिलांपैकी एकाकडूनच मिळालेला असतो आणि जो सहसा आजारी नसतो) आणि रुग्ण दोघांचेही द्रावण गढूळ होत असल्यामुळे पुढची इलेक्ट्रोफोरेसिसची, म्हणजे विजेच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी, किंवा तत्सम तपासणी केल्याशिवाय कुणाच्याही नावावर आजाराचा शिक्का मारू नये, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

या काड्या तयार व्हायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्यात पेशी फुप्फुसात परतली तर काहीच बिघडत नाही. हा अवधी पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या दाटपणावर फार अवलंबून असतो. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात गेलेला सिकलसेलचा रुग्ण पुरेसे पाणी न पिता उन्हात राबतो तेव्हा त्याच्या पेशींतले पाणी कमी होते, हिमोग्लोबिन दाटते आणि तो अवधी आखडतो. त्यातच कष्टाने वाढलेली आम्लता ऑक्सिजन अधिक सोडायला लावते. मग ताठ झालेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा सुरू होतात. पाणी पीत राहण्याचा डॉक्टरांचा सल्ला म्हणूनच औषधाइतका गंभीरपणे घ्यायला हवा.

निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस टिकते, विळ्याच्या आकाराची अनेकदा 10 ते 20 दिवसच. रुग्णाचा आकडा त्यामुळे खाली येतो, पण फुटलेल्या पेशींतले लोह बहुतांशी शरीरातच राहते, म्हणून लोहाची कमतरता तपासल्याशिवाय दुकानातून लोहाच्या गोळ्या आणून देणे योग्य नाही. नव्या पेशी घडवण्यासाठी फॉलिक आम्ल मात्र नेहमी दिले जाते. गर्भातल्या बाळाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळीच नसते, त्यामुळे पहिले काही महिने हा आजार दिसत नाही. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने तेच गर्भकालीन हिमोग्लोबिन पुन्हा वाढते आणि काड्या जुळण्यात अडथळा आणते. हे औषध घेताना रक्तपेशींची मोजणी ठरावीक काळाने करावी लागते, त्यामुळे बरे वाटू लागले म्हणून रुग्णालयाच्या फेऱ्या थांबवता येत नाहीत.