हरित कर्जाच्या फाईलमधल्या टँकरच्या चिठ्ठ्या

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाई कारखान्याचा प्रस्ताव २०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या शाखेत आला, तेव्हा त्यात दोन मागण्या होत्या. एक छतावरच्या सौरऊर्जा संयंत्रासाठी होती आणि दुसरी रंगाईचे सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याच्या यंत्रणेसाठी. टॉवेलचे सूत रंगवून देणारा हा कारखाना जुना, खाते स्वच्छ आणि मालक पासष्टीचे. मी बँकेत कर्जछाननीचे काम करते आणि त्याच्या जोडीने पर्यावरणपूरक वित्तपुरवठ्याचा अभ्यासक्रमही करते आहे. प्रकरण मंजूर होऊन गेले तरी ते माझ्या डोक्यातून गेलेले नाही.

सौर भागाला अडचण नव्हतीच. महावितरणची वर्षभराची बिले, पुरवठादाराचे कोटेशन आणि नेट मीटरिंगचा (जास्तीची वीज महावितरणला देऊन बिलात वळती करून घेण्याचा) अर्ज एवढ्या कागदांवर बचत सिद्ध होते, आणि सोलापुरात उन्हाबद्दल कोणाला पटवून द्यावे लागत नाही. शिवाय मुख्य कार्यालयाला हरित कर्जांचा आकडा हवा असतो, आणि सौर पॅनेलचे छायाचित्र वार्षिक अहवालात शोभून दिसते. रिझर्व्ह बँकेची हरित ठेवींची चौकट १ जून २०२३ पासून लागू आहे. त्या ठेवींचा पैसा कोणत्या कामांना देता येईल, याच्या यादीत अक्षय ऊर्जेबरोबरच पाणी व कचरा व्यवस्थापन आणि प्रदूषण नियंत्रण हेही स्पष्ट लिहिलेले आहे. परंतु यादीत बसणारे काम छाननीत टिकेलच असे नाही.

छाननीत सगळे येऊन थांबते ते डीएससीआरवर, म्हणजे वर्षभरात कर्जफेडीसाठी हाती राहणारी रोकड भागिले त्या वर्षीचे मुद्दल व व्याज. आमच्याकडे हे गुणोत्तर किमान सव्वा लागते. केवळ सौर भाग धरला तर ते दीडच्या वर जात होते, आणि शुद्धीकरण यंत्रणा मिळवताच जेमतेम एकाला टेकत होते, कारण ही यंत्रणा काही विकत नाही. उलट ती वीज, रसायने, मेम्ब्रेन (पाणी गाळणारे पडदे) आणि एका ऑपरेटरचा पगार खाते. वरिष्ठांनी समासात पेन्सिलीने ‘उत्पन्न नाही’ असे लिहिले. ते खोटे नव्हते, पण विषय तिथेच संपला असे त्यांनी धरले, आणि बहुतेक बँकांत तो तिथेच संपतो.

पाहणीला गेले तेव्हा उजनी मायनसमध्ये गेलेली होती. जिल्ह्याबाहेरच्यांसाठी एवढेच सांगते, की या धरणात सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा आहे आणि पाणी त्या पातळीखाली उतरले की आमच्याकडे उद्योगांच्या दारात टँकर उभे राहू लागतात. कारखान्यात रिअ‍ॅक्टिव्ह रंगांचे काम चालते. रंग धाग्यात शिरावा म्हणून त्यात मीठ भरपूर लागते, आणि तरीही रंगाचा बराच भाग धाग्याला न धरता धुण्याच्या पाण्याबरोबर बाहेर पडतो. चुना आणि फेरस सल्फेट टाकून तो गाळात बसवता येतो. मग पाणी निवळ दिसते, आणि पाहुण्यांना काचेच्या ग्लासात कौतुकाने दाखवतात ते हेच पाणी. मीठ मात्र त्यात विरघळलेलेच राहते. विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला २,१०० मिलिग्रॅम आहे. शेवटच्या हौदात मीटर बुडवायला लावला तेव्हा आकडा त्याच्या कितीतरी वर गेला. मालकांनी तो लपवला नाही. “मॅडम, रंग जातो, खार जात नाही. नाल्याच्या खाली ज्यांच्या विहिरी आहेत त्यांना विचारा,” असे ते म्हणाले.

खार काढायला आरओ लागतो, आणि आरओ लावला की घट्ट खारे पाणी उरते ते आटवावे लागते. मोठे कारखाने त्यासाठी बाष्पक बसवतात. त्याला वाफ लागते, वाफेला बॉयलर आणि बॉयलरला इंधन. पाणी वाचवण्यासाठी किती धूर काढायचा, हा हिशेब मी आजवर एकाही पुरवठादाराच्या माहितीपत्रकात पाहिलेला नाही. इथे खारे पाणी उथळ, अस्तर घातलेल्या हौदांत उन्हावर आटवायचे ठरले होते, आणि ते सोलापूरला साजेसेही होते. फक्त पावसाळ्यात काय करायचे याचे उत्तर कोटेशनमध्ये नव्हते. मी विचारल्यावर पुरवठादाराच्या प्रतिनिधीने “शेड टाकू” असे सहज सांगितले, आणि शेडची किंमत प्रस्तावात नंतर वाढली.

प्रकरण फिरले ते कार्यालयात. तिथला हिशेब मालकांच्या सूनबाई पाहतात. पाण्यावर खर्च किती होतो असे विचारताच त्यांनी कपाटातून तारेत ओवलेल्या चिठ्ठ्यांचे महिनावार गठ्ठे काढून टेबलावर ठेवले. प्रत्येक चिठ्ठीवर तारीख, टँकरचा क्रमांक, लिटर आणि चालकाची सही होती, आणि काहींवर लाल शाईने ‘कमी’ असे लिहिलेले होते; टँकर आला की या बाई झाकण उघडून दांडा बुडवून पाहत आणि पाणी कमी भरले तर त्या प्रमाणात पैसे कापत. एवढ्या काटेकोर नोंदी आमच्या बड्या खातेदारांकडेही मिळत नाहीत. ताळेबंदात मात्र हा सगळा खर्च ‘इतर उत्पादन खर्च’ या एका ओळीत गडप झाला होता. त्यामुळे बँकेच्या लेखी या कारखान्याला पाणी फुकटच मिळत होते.

आम्ही दोघींनी त्या चिठ्ठ्या एक्सेलमध्ये भरल्या. परत मिळणाऱ्या पाण्यामुळे वाचणारे टँकर त्यात धरले आणि गुणोत्तर सव्वाच्या थोडे वर आले. त्यावर मी दोन अटी सुचवल्या. शुद्धीकरण यंत्रणेला स्वतंत्र वीजमीटर व परतीच्या नळाला पाण्याचा मीटर बसवावा आणि दर तिमाहीला त्यांचे वाचन शाखेत द्यावे. वाचन ठरल्याप्रमाणे राहिले तर व्याजात पाव टक्का सवलत मिळावी. कल्पना माझी नव्हती. २०१७ मध्ये फिलिप्स कंपनीच्या कर्जाचा व्याजदर बँकांनी तिच्या शाश्वततेच्या मूल्यांकनाशी जोडला होता आणि त्यानंतर असे करार जगभर झाले. अटींची गरज उघड आहे: निरीक्षक आला की पंप सुरू आणि गेला की बंद, ही आमच्या वसाहतीतली जुनी रीत आहे, आणि यंत्र बसवल्याचा दाखला मिळाला की बँकेचेही समाधान होते.

बँकेच्या कर्जमंजुरी समितीने कर्ज मंजूर केले, मीटर ठेवले, तिमाही वाचन वार्षिक केले आणि सवलत काढून टाकली. आमच्या संगणकप्रणालीत व्याजदर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी जोडता येतो, सिबिलच्या गुणांशी जोडता येतो, पण पाण्याच्या मीटरशी जोडायला रकाना नाही, असे कारण मिळाले. एका सदस्यांनी हरित कर्ज आपोआप स्वस्त पडेल असेही सांगितले. केंद्र सरकारच्या पहिल्या हरित रोख्यांना जानेवारी २०२३ मध्ये मिळालेला फायदा पाच-सहा बेसिस पॉइंटचा, म्हणजे व्याजदरात ०.०५-०.०६ टक्क्यांचा होता. तोच दर ५० लाखांच्या कर्जाला लावला तर वर्षाला अडीच-तीन हजार रुपये होतात, आणि तेवढ्यात या कारखान्याचे उन्हाळ्यातल्या एका दिवसाचे टँकरही येत नाहीत. प्रदूषण मंडळाने कारखाना बंद केला तर कर्जाचे काय होईल, असा एक परिच्छेद मी टिपणात घातला होता. नोटीस नसताना नोटिशीची भीती कागदावर आणू नये, म्हणून तोही वगळण्यात आला. माझ्या मते अख्ख्या फाईलमधली खरी जोखीम तीच होती.

मला अजून खटकते ते वेगळेच. हे कर्ज टँकर महाग होते म्हणून निकषात बसले. नाल्याखालच्या विहिरींचा त्या एक्सेलमध्ये एकही आकडा नाही, कारण त्यांचे नुकसान कारखान्याच्या खात्यातून जात नाही आणि हप्ताही त्यांच्याकडून यायचा नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उजनी भरली, बोअरला पाणी आले, टँकर थांबले आणि यंत्रणा चालवण्याचे आर्थिक कारणही थांबले. दिवाळीनंतर यंत्रणा सुरू झाली खरी, पण मीटरचे वाचन ठरलेल्या तासांच्या निम्म्यावरही गेलेले नाही. हप्ते मात्र तारखेला येतात, खाते नियमित आहे आणि हरित कर्जांच्या यादीत त्याची पूर्ण रक्कम मोजलेली आहे.

वाचन वर्षातून एकदाच मागायचे असले तरी सूनबाई मला ते दर महिन्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि खाली कारणही लिहितात. बहुतेक वेळा ते ‘बोअरला पाणी आहे’ एवढेच असते. पुढच्या आढाव्याच्या टिपणात मी हे सगळे वाचन जोडणार आहे, आणि बँकेने त्यावर नेमके काय करावे अशी शिफारस लिहायची, याच ओळीवर ते टिपण सध्या अडलेले आहे.