आकडा जुळत नाहीये

परवा संध्याकाळी निघता निघता मेसेज आला, "डॅशबोर्डवरची विक्री आमच्या एक्सेलशी जुळत नाहीये, जरा बघता का?" डेटाबेस आणि रिपोर्टिंगच्या कामात दहा वर्षं होत आली तरी हे वाक्य वाचलं की पोटात गोळा येतो. कारण समोरच्याचा आकड्यावरचा विश्वास एकदा उडाला ना, की मग तो डॅशबोर्ड उघडतच नाही, डेटा एक्सपोर्ट करून घेतो, आपल्या फाईलीत आपलं गणित मांडत बसतो आणि मग मीटिंगमध्ये चार जणांचे चार आकडे.

असं काही आलं की क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) वाचायच्या आधी मी एकच प्रश्न विचारते, या टेबलातली एक ओळ म्हणजे नेमकं काय? एक ऑर्डर? ऑर्डरमधली एक वस्तू? की एक पेमेंट? आमच्याकडे याला ग्रेन म्हणतात. डेटा वेअरहाऊस, म्हणजे रिपोर्टसाठी एकत्र साठवलेला डेटा, यातलं मोठं नाव म्हणजे राल्फ किंबॉल, त्यांच्या डिझाइनच्या चार पायऱ्यांमध्ये दुसरीच पायरी ग्रेन ठरवायची आहे, डायमेन्शन (कशानुसार बघायचं, जसं ग्राहक, तारीख) आणि फॅक्ट (मोजायचे आकडे) त्याच्यानंतर. नवीन होते तेव्हा मला हे नुसतं पुस्तकी वाटायचं.

मग पहिल्या नोकरीतला तो महिन्याचा विक्री रिपोर्ट झाला. ऑर्डरचं टेबल घेतलं, त्याला पेमेंटचं टेबल जॉइन केलं, म्हणजे ऑर्डर नंबरवरून दोन्हीच्या ओळी जोडल्या, रकमेची बेरीज केली, झालं काम. तीन महिने तो वरपर्यंत जात होता. आता बघा, समजा ऑर्डर नंबर ४५१७, रक्कम १०००, ग्राहकाने पैसे दोनदा भरले, आधी ६०० आणि मग ४००. जॉइन केलं की त्या ऑर्डरच्या ओळी दोन होतात आणि दोन्हीत १००० जसेच्या तसे उतरतात, बेरीज २०००. एरर नाही, काही नाही, सांगितलं तेच डेटाबेसने केलंय. त्यात भर म्हणजे ज्या ऑर्डरचे पैसे अजून आलेच नव्हते त्या इनर जॉइनमध्ये (तो दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळीच ठेवतो) गळून जात होत्या. म्हणजे एकीकडून आकडा फुगतोय, दुसरीकडून गळतोय आणि एकूण बेरीज बघावी तर अगदी पटण्यासारखी! म्हणून तर तीन महिने कुणाला शंका आली नाही. शेवटी अकाउंट्सच्या एका मॅडमनी एकाच ग्राहकाच्या ऑर्डर हाताने मोजल्या आणि मला शेजारी बसवून कागदावर दाखवल्या. तेव्हापासून मी एकूण बेरीज बघून रिपोर्ट पास करत नाही, एक ग्राहक आणि एक दिवस घेते आणि तेवढाच मुळापासून तपासते.

यावर डिस्टिंक्ट, म्हणजे एकसारखं असेल ते एकदाच घे अशी सूचना, टाकणं ही जी सवय असते ना, ती मला मनापासून खटकते. ओळी डबल दिसल्या की लाव डिस्टिंक्ट. पण बेरजेत डिस्टिंक्ट टाकलं आणि दोन वेगवेगळ्या ऑर्डर योगायोगाने १००० च्याच असल्या तर त्यातली एक उडाली, म्हणजे आधी जास्त होतं ते आता कमी झालं. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली डेटा टेबलांसारखा मांडायचं रिलेशनल मॉडेल मांडलं त्यात रिलेशनमध्ये, म्हणजे अशा टेबलात, एकसारख्या दोन ओळी असूच शकत नाहीत, एसक्यूएलच्या (क्वेरी लिहायच्या भाषेच्या) टेबलात मात्र चालतात, त्यामुळे ती जबाबदारी आपल्यावर येते. खरा उपाय साधा आहे, पेमेंटची आधी ऑर्डरनिहाय बेरीज करायची, म्हणजे तिथेही एका ऑर्डरची एकच ओळ उरते, आणि मग ते लेफ्ट जॉइनने, म्हणजे पेमेंट नसलेल्या ऑर्डरही राहतील असं, ऑर्डरला जोडायचं. जोडायच्या आधी ऑर्डरच्या ओळी किती होत्या आणि जोडल्यावर किती झाल्या हे मोजायचं. आकडा बदलला की समजायचं पाणी इथेच मुरतंय.

टूल बदललं म्हणून हे सुटत नाही, पण टूलवाल्यांनाही हे दुखणं माहीत आहे. टॅब्लो या डॅशबोर्ड बनवायच्या टूलने २०२०.२ या आवृत्तीत रिलेशनशिप आणल्या त्या बऱ्याच अंशी याचसाठी, की टेबलं सरसकट एकत्र न करता ज्याची त्याची पातळी शाबूत राहावी. पॉवर बीआय या तशाच टूलमध्येही सगळं मर्ज करून एकच लांबलचक टेबल करण्यापेक्षा मॉडेलमध्ये संबंध जोडून ठेवलेले बरे.

बाकीच्या नेहमीच्या जागा पटकन सांगते. तारखेच्या कॉलममध्ये वेळ पण असेल तर १ ते ३१ असं बिटवीन ("या दरम्यान" ही अट) लावल्यावर ३१ तारखेचा मध्यरात्रीनंतरचा सगळा दिवस बाहेर राहतो, त्याऐवजी पुढच्या महिन्याच्या १ तारखेपेक्षा लहान असं लिहा. नॉट इनच्या ("या यादीत नसलेले दे" ही अट) आतल्या यादीत एक जरी नल, म्हणजे रिकामी किंमत, आला तर उत्तरात एकही ओळ येत नाही. लेफ्ट जॉइन करून उजव्या, म्हणजे जोडलेल्या, टेबलाची अट व्हेअरमध्ये (क्वेरीतल्या ओळी गाळायच्या भागात) टाकली की तो मुकाट्याने इनर जॉइन होऊन बसतो. आणि एक्सपोर्ट केलेल्या फाईलीत बरोबर १०,४८,५७६ ओळी दिसल्या तर तुमचा डेटा संपलेला नाही, एक्सेलची शीट संपलीये.

तर परवाचं. काल सकाळी त्यांची फाईल मागवली, एक दिवस निवडला, दोन्हीकडच्या ऑर्डर नंबर लावून समोरासमोर ठेवल्या. ओळी डबल नव्हत्या, नल नव्हते, क्वेरी ठीक होती. मग पूर्ण महिना तसाच लावला, तर फरक पडणाऱ्या सगळ्या ऑर्डर महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांतल्या निघाल्या. आम्ही ऑर्डरच्या तारखेने महिना धरतोय, ते इन्व्हॉइसच्या तारखेने. दोघंही बरोबर, पण दोन्हीचं नाव नुसतं "विक्री". इतकी वर्षं करूनही हे मी पहिल्या दिवशी विचारलं नव्हतं याचं मला खरंच वाईट वाटलं. त्यांना फोन केला, वीस मिनिटं बोललो, आणि आता डॅशबोर्डवर "ऑर्डर तारखेनुसार विक्री" आणि "इन्व्हॉइस तारखेनुसार विक्री" असे दोन आकडे शेजारी शेजारी आहेत. आज दुपारी त्यांचा मेसेज आला, दुसरा आकडा त्यांच्या एक्सेलशी शेवटच्या ओळीपर्यंत जुळला.