मेहेरगढचे जारीज आणि आपलं इनामगाव

परवा जेवणाच्या सुट्टीत दातदुखीचा विषय निघाला आणि इथल्या पॅरिसच्या ऑफिसातला एक फ्रेंच सहकारी सहज म्हणाला, "जगातली सगळ्यात जुनी दंतवैद्यकी पाकिस्तानात होती. आमच्या लोकांनी खणून काढली." मला त्यातलं 'पाकिस्तान'ही झोंबलं आणि 'आमच्या लोकांनी'ही. हजारो वर्षांपूर्वी कुठलं आलंय पाकिस्तान! तिथल्या तिथे भांडले. पण ते 'आमचे लोक' कोण, हे घरी येऊन वाचायला घेतलं आणि गेले कित्येक दिवस डोक्यात दुसरा विषय नाही.

ते म्हणजे मुख्यतः झाँ-फ्रान्स्वा जारीज, फ्रेंच पुरातत्त्वज्ञ. जन्म 1940, दक्षिण फ्रान्समधल्या लूर्द गावचा. जाँ-मारी काझाल हे त्यांच्या आधीच्या पिढीतले उत्खननकार. त्यांनी आपल्या पुदुच्चेरीजवळ अरिकामेडूलाही खणलं होतं. त्यांच्या हाताखाली जारीज बलुचिस्तानात पोचले आणि पुढे फ्रेंच पुरातत्त्व मिशनची सूत्रं त्यांच्याकडे आली. बोलन खिंडीच्या पायथ्याशी कच्छीचं मैदान आहे. तिथे बोलन नदीने पात्र बदलताना जुनी पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, उभी कापून टाकली होती आणि काठाच्या दरडीत वस्तीचे थर उघडे पडले होते. ते मेहेरगढ. 1974 पासून 1986 पर्यंत आणि मग 1997 ते 2000, असे हे गृहस्थ तिथे खणत राहिले, पाकिस्तानच्या पुरातत्त्व खात्याला सोबत घेऊन. पत्नी कातरीन याही पुरातत्त्वज्ञ, त्याही तिथेच. 1974 ते 1985 या हंगामांचा जाडजूड अहवाल छापला तो पॅरिसमध्ये नाही, कराचीत. ही गोष्ट मला फार आवडली. ज्यांची माती, त्यांच्या हातात आधी पुस्तक.

हडप्पा-मोहेंजोदडो शाळेत सगळ्यांनीच पाठ केलंय. पण ती नगरं आली कुठून? गहू, जव आणि शेतीची अक्कल सगळी पश्चिमेकडून तयार आली, असं म्हणणारे पुष्कळ होते. मेहेरगढने त्या म्हणण्याला धक्का दिला. मातीच्या विटांची घरं, कप्पे पाडलेली कोठारं, आणि जनावरांच्या हाडांतून दिसणारा वशिंडाचा बैल. सुरुवातीला शिकारीच्या जनावरांची हाडं जास्त, मग हळूहळू पाळीव गुरांची. म्हणजे माणसं तिथल्या तिथे शेतकरी-पशुपालक होत गेली, ते थरागणिक दिसतं. मृतांच्या गळ्यात पिरोजा, लाजवर्द असे निळे खडे आणि शेकडो किलोमीटरवरच्या समुद्रातले शंख. जारीजनी सुरुवात इसवीसनपूर्व 7000 च्या आसपास धरली होती. अलीकडे दातांवरच्या मुलाम्याचं कार्बन-मापन झालं आणि ती तारीख बरीच पुढे, इ.स.पू. 5200 च्या सुमारास सरकते आहे. सरकू दे. त्यांनी थर नीट नोंदवून, हाडं नीट जपून ठेवली, म्हणून तर आज कोणी फेरतपासणी करू शकतं.

आणि ते दात. नऊ प्रौढ माणसांच्या अकरा दाढांना गिरमिटाने पाडलेली भोकं. 1.3 ते 3.2 मिलिमीटर रुंद, आतून गोल घासलेली. भोकांच्या कडा झिजलेल्या, म्हणजे त्यानंतरही ती माणसं त्याच दाढांनी जेवत होती. मणी भोकणारे कारागीर गारगोटीचं टोक लावलेलं धनुष्य-गिरमिट वापरायचे, तेच तोंडात चाललं असणार. अभ्यासकांनी तसं गिरमिट करून पाहिलं, तर मिनिटभराच्या आत भोक पडलं! भूल नाही, काही नाही. पुढे ती विद्या तिथून नाहीशीही झाली.

दुसरी वस्तू तांब्याचं छोटं चाक, नाण्याएवढं, सहा आऱ्यांचं. मेणाचा साचा करून ओतलेलं, सहा हजार वर्षांपूर्वीचं. 2016 मध्ये पॅरिसजवळच्या 'सोलेई' सिंक्रोट्रॉनवर (अतिप्रखर किरण तयार करणारं प्रचंड यंत्र) त्याचं पोट तपासलं तेव्हा ते ओतलं कसं, याचा उलगडा झाला. जारीज 2014 मध्ये गेले, त्यांना हे पाहायला मिळालं नाही याची मला खरोखर हळहळ वाटते.

बाकी त्यांची दुसरी कारकीर्द इथे पॅरिसमध्ये, येना चौकातल्या गिमे या आशियाई कलेच्या संग्रहालयात. 1986 पासून 2008 पर्यंत त्यांनी ते सांभाळलं. 1996 ते 2001 असं पाच वर्षं बंद ठेवून सगळी इमारत आतून उघडी-मोकळी करून घेतली. आज तळमजल्यावर कंबोडियातल्या ख्मेर मूर्तींवर वरून उजेड पडतो तो त्या कामामुळे. शेवटी शेवटी गालबोटही लागलं. 2007 मध्ये बांगलादेशातून प्रदर्शनासाठी येणाऱ्या मूर्तींपैकी दोन विष्णुमूर्ती ढाका विमानतळावरून चोरीला गेल्या आणि प्रदर्शनच रद्द झालं. दुसऱ्याच्या देशातल्या वस्तू मागून आणणं ही जोखीमच, आणि ढाक्यात लोकांनी संताप केला तो मला रास्तच वाटतो.

आता त्या सहकाऱ्याला मी काय सांगितलं, तेही लिहिते. मेहेरगढच्या शेजारीच पिराक आहे, जारीजनीच खणलेलं, हडप्पा मोडल्यानंतरच्या काळातलं. तिथे भात, घोडा, उंट दिसतात. साधारण त्याच काळात आपल्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला माणसं जव पेरत होती, पाटाने पाणी घेत होती. डेक्कन कॉलेजच्या सांकळिया, ढवळीकर, अन्सारींनी 1968 ते 1983 तिथे काम केलं, आणि 1988 मध्ये अहवालही काढला. म्हणजे चिकाटी काही फक्त फ्रेंचांची नाही. चार पायांच्या रांजणात मांडी घालून बसवून पुरलेला माणूस तिथलाच. पाऊस कमी झाला तशी चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या, हे इतक्या बारकाईने आपल्याच लोकांनी मांडलं. हे सगळं त्याला ऐकवलं, त्याने वहीत इनामगावचं स्पेलिंग लिहून घेतलं.

माझा भाऊ म्हणतो, पुण्यात होतीस तेव्हा डेक्कन कॉलेजात पाऊल टाकलं नाहीस आणि आता पॅरिसमधून इनामगाव आठवतंय. मला त्यात काही वावगं वाटत नाही. भारतीय पासपोर्टवर बलुचिस्तानात जाणं कठीण, मग मेहेरगढ मला पॅरिसहूनच जवळ पडणार. इथे राहिल्यानेच तर शेजारच्या मातीकडे शेजारी म्हणून बघायला जमलं. आणि जिथे जारीजचं मिशन राहायचं, ते घर 2000 नंतरच्या टोळीयुद्धात उद्ध्वस्त झालं, चोरट्या खोदकामांनी पांढर पोखरली. 2006 मध्ये बलुचिस्तानातलीच प्राचीन भांडी इथल्या विमानतळावर पकडली गेली आणि 2019 मध्ये चारशेहून अधिक वस्तू पॅरिसमधल्या पाकिस्तानी वकिलातीला परत दिल्या. फ्रान्सने हे केलं ते चांगलंच केलं. आपल्याकडच्या चोरीला गेलेल्या मूर्तींचाही असाच पाठपुरावा व्हायला हवा.

पॅरिसला येणार असाल तर गिमे मंगळवारी बंद असतं, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी कायमचा संग्रह फुकट. मेट्रो 9, येना स्टेशन. पुण्यात असाल तर येरवड्याकडे डेक्कन कॉलेजचं संग्रहालय आहे, आधी फोन करून वेळ विचारा आणि तो रांजण बघूनच या.