शब्दवही : ‘एनॉर्मस’ आणि रोमन सुताराचा गुण्या

लॅटिन मुळांच्या वहीत ‘एनॉर्मस’ या ‘अवाढव्य’ अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं पान एकदाचं भरलं. मूळ शोधायला फार वेळ लागला नाही, अर्थ जुळवायला लागला.

‘नॉर्मा’ म्हणजे सुतार-गवंड्यांचा गुण्या, काटकोन तपासायचा. त्याच्यामागे ‘बाहेर’ अर्थाचा ‘एक्स’ लागला, ‘न’समोर त्याचा नुसता ‘ए’ उरला आणि ‘एनॉर्मिस’ झाला : गुण्यात नसलेला. ‘नॉर्मल’ही याच गुण्याचा. भूमितीत नॉर्मल म्हणजे लंब, तो या जुन्या अर्थाला धरूनच. गुण्या करायचा कसा, हे रोमन वास्तुकार विट्रुवियसने लिहून ठेवलंय : ३, ४ आणि ५ फुटांच्या तीन पट्ट्या टोकाला टोक लावून जोडा. श्रेय तो पायथागोरसला देतो. आपल्याकडे पाया आखताना गवंडी दोरीने काटकोन काढतात, त्यातही हेच ३-४-५ असतं.

आता अडचण अशी, की गुण्यात नसलेली वस्तू वेडीवाकडी असेल, पण अवाढव्य का?

उत्तर रोमन इतिहासकार टॅसिटसच्या ‘अ‍ॅनल्स’मध्ये सापडलं, आणि काय सुंदर सापडलं! इ.स. ६४ मध्ये रोम पेटलं, ते वर्णन १५व्या भागात आहे. आग पसरायला अरुंद, वळणावळणाचे रस्ते कारण झाले आणि ‘एनॉर्मिबुस विकिस’, म्हणजे कशाही आखलेल्या वस्त्या. इथे मोठेपणाचा संबंधच नाही. पण दुसऱ्या भागात, जर्मन टोळ्यांविरुद्धच्या इ.स. १६ च्या मोहिमेत, रोमन सेनापती जर्मेनिकस सैनिकांना धीर देतो : शत्रूचे भाले ‘एनॉर्मिस’ आहेत, झाडाझुडपांत ते आपल्या आखूड शस्त्रांसारखे चालणार नाहीत. भाला काही वाकडा नाही, प्रमाणाबाहेर लांब आहे. एकाच लेखकाच्या एकाच ग्रंथात दोन्ही अर्थ नांदताहेत. मला तरी याहून चांगला पुरावा नको.

इंग्रजीत शब्द १६व्या शतकात आला तो ‘नियमाबाहेरचा’, ‘घोर’ अशा अर्थांनी. ‘एनॉर्मिटी’त घोर दुष्कृत्याचा अर्थ अजून आहे. इंग्रज कवी मिल्टनने तर १६६७ मध्ये, ‘पॅरडाइज लॉस्ट’च्या पाचव्या सर्गात, ईडनच्या बागेतला बहर नियम आणि कला दोन्हींच्या पलीकडचा म्हटला आणि लगोलग तिथल्या आनंदाला ‘एनॉर्मस’ हे विशेषण लावलं. लॅटिन मुरलेल्या माणसालाच हे सुचावं.

पुढचं पान टॅसिटसनेच ठरवून दिलंय. त्या भाल्यांच्या वाक्यात शत्रूच्या ढाली ‘इमेन्सा’, म्हणजे अफाट, आहेत; इंग्रजी ‘इमेन्स’ यातलाच. त्यातला ‘इम्’ हा आपल्या नकारार्थी ‘अ’चा सख्खा भाऊ आणि ‘मेन्स’ मोजण्याचा, संस्कृत ‘मा’ धातूच्या कुळातला. म्हणजे इमेन्स आणि ‘अमाप’ एकाच मुशीतले. लॅटिन ‘मेन्सिस’ आणि आपला ‘मास’, दोन्ही महिनेच, तेही याच कुळात धरतात. सध्या तिथून वाचायला घेतलंय.