कोलंबस, इंडियाना: बदलीला ‘हो’ म्हणण्याआधीचे सहा दिवस

तिकीट काढताना नुसतं ‘कोलंबस’ टाकलंत तर विमान तुम्हाला ओहायोत नेऊन सोडेल. ते मोठं शहर, राज्याची राजधानी. मी सांगतेय ते अमेरिकेच्या इंडियाना राज्यातलं कोलंबस. त्यासाठी इंडियानापोलिसला उतरायचं आणि तिथून आय-६५ महामार्गाने दक्षिणेला तासभर गाडी चालवायची. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीनची सपाट शेतं, आणि मग अचानक एक नीटनेटकं, ५० हजार वस्तीचं गाव. पुण्यातल्या एका प्रभागात यापेक्षा जास्त माणसं राहतात.

तरी कोथरूड-कर्वेनगरातल्या कितीतरी घरांत या गावाचं नाव ओळखीचं आहे, कारण कमिन्स या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीचं मुख्यालय इथे आहे. कंपनी १९१९ साली इथेच सुरू झाली आणि १९६२ मध्ये किर्लोस्करांबरोबर पुण्यात आली. कंपनीने नवऱ्याला तीन वर्षांच्या इथल्या बदलीबद्दल विचारलं, तेव्हा आम्ही एकच अट घातली: आधी गाव बघू, मग सांगू. गेल्या ऑक्टोबरात तो, मी आणि सहावीतली लेक असे सहा दिवस जाऊन आलो. सासूबाई पुण्यातच राहिल्या. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, “तिथे मी एकटी कुठे कुठे जाऊ शकेन, ते बघून ये.”

हा प्रश्न सोबत नेला होता म्हणूनच आमची फेरी वाया गेली नाही. कारण मी आर्किटेक्ट आहे, आणि आर्किटेक्टने कोलंबस बघायला जाणं म्हणजे वारकऱ्याने पंढरपुरात घर भाड्याने शोधण्यासारखं आहे. गावाच्या मधोमध पाचव्या रस्त्यावर उभी राहिले, तर एका बाजूला नामवंत आर्किटेक्ट इलिएल सारिनेनचं १९४२ सालचं चर्च आणि त्याचा तो सरळसोट, वेगळा उभा मनोरा. समोर आय. एम. पेईने बांधलेलं १९६९ सालचं ग्रंथालय, आणि दोघांच्या मध्ये विटांच्या चौकात शिल्पकार हेन्री मूरची भली मोठी ब्राँझची कमान. पलीकडच्या रस्त्यावर इलिएलचा मुलगा इरो सारिनेन याने १९५४ मध्ये बांधलेली काचेची बँक. कॉलेजात स्लाइडवर बघितलेल्या इमारती, आणि त्यांच्यात लोक पुस्तकं परत करायला जातायत!

हे घडलं ते कमिन्सचे तेव्हाचे प्रमुख जे. आयर्विन मिलर यांच्यामुळे. पन्नासच्या दशकात गावाची वस्ती वाढली, शाळा कमी पडू लागल्या. तेव्हा त्यांनी असं ठरवलं की चांगला आर्किटेक्ट नेमलात तर त्याची फी कंपनीचं फाउंडेशन भरेल. हॅरी वीसची शाळा १९५७ मध्ये उभी राहिली आणि मग ही रीतच पडली. शाळा, अग्निशमन केंद्रं, सगळं याच मार्गाने आलं. रॉबर्ट व्हेंचुरीचं १९६८ सालचं अग्निशमन केंद्र क्रमांक ४ अजून रस्त्याकडेला उभं आहे.

पहिल्या दिवशी मी इतकी भारावले की संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, “चल, सही करून टाक.” तो शांतपणे म्हणाला, “आईने विचारलेलं बघितलंस का?”

नव्हतं बघितलं. दुसऱ्या दिवसापासून मी गाडीची किल्ली हॉटेलातच ठेवली.

इथे येऊन गाव पारखायचं असेल तर हेच करा, असं मी कळकळीने सांगेन. ज्याच्या हातात गाडी आहे त्याला ही सगळी गावं सोपी असतात. घरातल्या ज्या माणसाच्या हातात गाडी नाही, त्याचा एक दिवस जगून बघा. आमचं हॉटेल महामार्गाजवळ होतं. तिथून दूध आणायला निघाले तर फूटपाथ मध्येच संपला आणि पुढे चार पदरी रस्त्याच्या कडेचं गवत सुरू झालं. कोणी हॉर्न वाजवत नव्हतं, गाड्या थांबून मला जाऊ देत होत्या, पण त्या अर्ध्या तासात चालणारी मी एकटीच होते. आईंना कर्वेनगरात सकाळी भाजी, दुपारी वाचनालय, संध्याकाळी भजनी मंडळ, हे सगळं पायी. त्या रस्त्यावर मला त्या दिसेनात.

मग गावाच्या जुन्या भागात गेले आणि चित्र पालटलं. पाचव्या रस्त्याभोवतीच्या आठ-दहा चौकांत फूटपाथ सलग आहेत, झाडं मोठी आहेत. ग्रंथालय, बाजाराचा मुख्य रस्ता आणि ‘द कॉमन्स’ नावाचं सार्वजनिक सभागृह सगळं पायी गाठता येतं. कॉमन्समध्ये आत मुलांसाठी मोठं खेळघर आहे आणि ते फुकट आहे. लहान मूल असेल तर जानेवारीत त्याची किंमत कळेल. तिथून नदीकाठच्या मिल रेस पार्कपर्यंत चालत गेले. ‘पीपल ट्रेल’ नावाचे पायी आणि सायकलचे रस्ते गावभर विणलेले आहेत, ते तुमच्या घराजवळून जातात का एवढं नकाशात पाहून ठेवा. गावात बस आहे, पण मार्ग मोजके आणि रविवारी ती धावत नाही. बसच्या भरवशावर घर घेऊ नका.

शाळेच्या बाबतीत आमची फजिती झाली. इथली सार्वजनिक शाळा-व्यवस्था ‘बॅलन्स्ड कॅलेंडर’ पाळते. शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच भरते, आणि ऑक्टोबरात व मार्चमध्ये दोन-दोन आठवड्यांची सुट्टी असते. आम्ही नेमके त्या सुट्टीत पोचलो. लेक बिचारी नवी वही घेऊन आली होती, तिला बंद दारं बघावी लागली. तुम्ही तारखा ठरवण्याआधी शाळेचं वेळापत्रक बघा, तिकिटाचे दर नंतर. शाळा-जिल्ह्याचं कार्यालय मात्र उघडं होतं आणि तिथे आमच्याशी खूप आस्थेने बोलले. एक गोष्ट कळली जी मला माहीत नव्हती: इथे सहावीपर्यंत प्राथमिक, सातवी-आठवी मिडल आणि नववीपासून हायस्कूल. म्हणजे आमची लेक सहावीत आली तर एका वर्षात पुन्हा शाळा बदलणार. आम्ही म्हणूनच थेट सातवीच्या सुरुवातीला यायचं ठरवतोय, तेव्हा सगळ्यांच्याच शाळा बदललेल्या असतील आणि ती एकटी नवी नसेल. नॉर्थ हायस्कूलमध्ये आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम आहे, ते मोठ्या मुलांच्या पालकांनी लक्षात ठेवावं. शाळा पत्त्यावरून ठरते, म्हणून आधी शाळा, मग घर.

लसीकरणाचं कार्ड इंग्रजीत, डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह न्या. कांजिण्यांचे आणि हेपटायटिस ए चे दोन-दोन डोस आपल्याकडच्या बऱ्याच मुलांचे राहिलेले असतात आणि इथे ते लागतात. पुण्यातच पूर्ण करून घेतले तर खर्चही कमी.

आणखी एक धोका सांगते. ऑक्टोबरात हे गाव फार गोड दिसतं. पश्चिमेला अर्ध्या तासावर ब्राउन काउंटी स्टेट पार्कमध्ये मेपल लालभडक झालेले असतात. त्याच दिवसांत ‘एथनिक एक्स्पो’ भरतो. गावातल्या जपानी, मेक्सिकन, भारतीय, सगळ्यांचे खाण्याचे स्टॉल आणि मिरवणूक. टोयोटाचा फोर्कलिफ्टचा कारखाना आणि इतर जपानी उद्योग असल्याने एवढ्याशा गावात जगभरची माणसं आहेत. भारतीय स्टॉलसमोरच्या रांगेत आजूबाजूला मराठी ऐकू आलं तेव्हा माझे डोळे भरून आले. पण हे वर्षातले दोन दिवस. त्या रांगेतच आम्हाला कर्वेनगरच्या एका कुटुंबाने रविवारी जेवायला बोलावलं, आणि खरी माहिती त्या पिठलं-भाकरीबरोबर मिळाली.

त्या ताई म्हणाल्या, “पहिला हिवाळा मी खिडकीत बसून काढला. लायसन्स नव्हतं.” आपलं भारतीय लायसन्स इथे बदलून मिळत नाही. लेखी परीक्षा आणि गाडी चालवण्याची परीक्षा द्यावी लागते, आणि रहिवासी झाल्यापासून ६० दिवसांत इंडियानाचं लायसन्स काढणं अपेक्षित असतं. त्यांचा सल्ला मी जसाच्या तसा देते: घरातल्या दोन्ही मोठ्यांनी पुण्यात चारचाकीवर हात बसवून या, आणि परीक्षेचं पुस्तक विमानात वाचा. नवरा ऑफिसला गेला की घरी राहिलेल्या बाईचं अख्खं आयुष्य त्या एका कार्डावर अवलंबून असतं.

दुसरं त्यांनी सांगितलं ते उजेडाबद्दल. कोलंबस अमेरिकेच्या पूर्वेकडच्या पट्ट्याच्या वेळेवर चालतं, पण त्या पट्ट्याच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. आम्ही होतो तेव्हा सकाळी साडेसातलाही अंधार होता. जानेवारीत सूर्य आठनंतर उगवतो, म्हणजे मुलं शाळेच्या बसची वाट अंधारात बघतात. उलट जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड. आमच्या फोनच्या वेळाही यावरच ठरणार: उन्हाळ्यात पुणे साडेनऊ तास पुढे, हिवाळ्यात साडेदहा.

किराणा रोजचा गावातच मिळतो. मोठी भारतीय खरेदी आणि देवळात जाणं यासाठी मात्र लोक महिन्यातून एकदा-दोनदा इंडियानापोलिसला जातात, जवळपास ४५ मैल. त्या ताईंच्या घरात मोठा डीप फ्रीझर होता आणि त्यात कोथिंबीर, कढीपत्ता, ओला नारळ डब्यांतून लावून ठेवलेला. तो फ्रीझर मला इथल्या संसाराचा पाया वाटला.

आता कागदपत्रं. आमची बदली एल-१ वर, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर आहे, त्यामुळे मला एल-२ या जोडीदाराच्या व्हिसावर नोकरीची परवानगी आपोआप मिळते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर येणाऱ्यांनी हे आधी नीट समजून घ्या. त्यांच्या एच-४ व्हिसावरच्या जोडीदाराला तशी परवानगी नसते, ग्रीनकार्डाच्या अर्जाचा एक ठरावीक टप्पा मंजूर झाल्यावरच मागता येते. परवानगी असली तरी एवढ्या गावात तुमच्या क्षेत्रातलं काम असेलच असं नाही. माझ्यापुरतं मी पुण्याच्या फर्मचं काम लांबून करायचं म्हणतेय, आणि त्याचा कर दोन्हीकडे कसा लागतो ते सीएला विचारूनच पाऊल टाकणार आहे. इंडियानाचा राज्य आयकर सगळ्यांना सरसकट एकच, २०२५ मध्ये ३ टक्के, आणि त्यावर काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, वेगळा. पगाराचा आकडा बघताना हे आणि विम्याचा हप्ता वजा करून बघा.

आणि आईवडील. ही गोष्ट आम्ही इतके दिवस गृहीत धरली होती. बदलीच्या व्हिसावर जोडीदार आणि २१ वर्षांखालची मुलं येतात, आईवडील येत नाहीत. त्यांना बी-२ या पर्यटक व्हिसावर पाहुणे म्हणून यायचं, एका वेळी साधारण सहा महिने. म्हणजे “आईंना घेऊन जाऊ” हे वाक्यच खरं नव्हतं. पाहुण्यांच्या आरोग्य विम्यात जुने आजार बहुतेक धरले जात नाहीत, आणि आईंना रक्तदाब आहे. त्या रात्री आम्ही दोघं हॉटेलात बराच वेळ गप्प बसलो होतो. चांगल्या इमारतींनी, स्वच्छ हवेने याचं उत्तर मिळत नाही.

घरं आम्ही पाच बघितली. सगळ्यात सुंदर होतं ते गावाबाहेरच्या नव्या वसाहतीतलं: चार खोल्या, तळघर, मागे तळं. पण पुराचं विचारलं पाहिजे हे मला ताईंनी सांगितलं होतं. ७ जून २००८ ला इथे मोठा पूर आला, प्रादेशिक रुग्णालयात पाणी शिरून रुग्णांना हलवावं लागलं आणि ते काही महिने बंद राहिलं. गावात दोन नद्या एकत्र येतात, शिवाय हॉ क्रीक नावाचा ओढा आहे. कुठलंही घर ठरवण्याआधी सरकारी पूर-नकाशात पत्ता टाकून बघा. भाडेकरूच्या साध्या विम्यात पुराचं नुकसान धरत नाहीत, तो विमा वेगळा घ्यावा लागतो. घरं दाखवणाऱ्याने आम्हाला आपण होऊन हे काही सांगितलं नाही.

आम्ही निवडलं ते जुन्या भागातलं, लहान, लाकडी जिन्याचं घर. न्हाणीघर एकच, स्वयंपाकघराला खिडकी मात्र पूर्वेची. तिथून ग्रंथालयाच्या चौकापर्यंत मी तीन वेळा चालत गेले, आईंच्या चालीने, घड्याळ लावून. बारा मिनिटं लागली, दोनच रस्ते ओलांडायचे, दोन्हीकडे सिग्नल. शेवटच्या सकाळी आठला, म्हणजे पुण्यात संध्याकाळी साडेपाचला, त्या कमानीखालून आईंना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी कमान बघितली, चर्च बघितलं आणि विचारलं, “ग्रंथालयात मराठी पुस्तकं आहेत का?”

“नाहीत, आई. आपली आपण न्यायची.”

“मग वजन मोजून ठेव,” त्या म्हणाल्या.

त्या मे ते ऑक्टोबर येणार, हिवाळ्यात पुण्यात नणंदेकडे राहणार, असं सध्या ठरलंय. आम्ही बदलीला हो म्हटलं आहे. सामानाची यादी अजून केलेली नाही, पण आईंच्या बी-२ चा अर्ज भरून झाला. मुलाखतीची तारीख लवकर मिळत नाही, म्हणून तुमच्याही घरात कोणी ज्येष्ठ असेल तर सगळ्यात आधी तो भरा.