क्षेपणास्त्राला पत्ता कोण सांगतं

हवाई दलातून निवृत्त झालोय एवढं कळलं की पंगतीत शेजारी बसलेला हमखास विचारतो, "काका, विमानातून सोडलेलं क्षेपणास्त्र नेमकं त्याच घरावर कसं पडतं?" मी तोंड उघडतो तोवर जिलबी येते आणि विषय बदलतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज पूर्ण सांगतो.

आपोआप काही होत नाही. लेझरवाल्या शस्त्रासाठी विमानातून किंवा जमिनीवरून कुणीतरी लक्ष्यावर लेझर धरून ठेवावा लागतो. तिथून परतलेला, ठरलेल्या कोडचाच उजेड शस्त्राच्या नाकातला सीकर, म्हणजे लक्ष्य शोधणारा डोळा, पकडतो आणि पंख वळवत त्या ठिपक्याकडे जातो. कारगिल युद्धात 24 जून 1999 ला मिराज विमानांनी टायगर हिलवर टाकले ते असेच बॉम्ब. मध्ये ढग आला की खेळ खलास. जीपीएसवाल्याला ढगाची फिकीर नाही, त्याला अक्षांश-रेखांश भरून दिले की झालं. नाटो या अमेरिका-युरोपच्या लष्करी आघाडीचे युगोस्लाव्हियावर हवाई हल्ले चालू होते, तेव्हा बेलग्रेडमध्ये 7 मे 1999 च्या रात्री चिनी वकिलातीवर पाच बॉम्ब अगदी अचूक पडले. दिलेली जागाच चुकीची होती.

बालाकोटचं विचाराल, तर तिथे वापरलेल्या स्पाइस या इस्रायली बॉम्बमध्ये लक्ष्याचं चित्र आधीच भरलेलं असतं. कॅमेऱ्याला दिसतं ते बॉम्ब त्याच्याशी ताडून बघतो.

आणि काही शस्त्रांत शेवटपर्यंत माणूसच बघत असतो. सर्बियातल्या ग्रडेलिका गावापाशी वापरलं ते त्यातलंच.

12 एप्रिल 1999. तिथला दक्षिण मोराव्हा नदीवरचा रेल्वेपूल. नाटोच्या एफ-15ई विमानाने दुरून एजीएम-130 क्षेपणास्त्र सोडलं. नाकातल्या कॅमेऱ्याचं चित्र रेडिओने मागच्या सीटवरच्या अधिकाऱ्याच्या पडद्यावर येत होतं. पुलावर नेम धरून ठेवणं त्याचं काम. अगदी शेवटी चित्रात प्रवासी गाडी शिरली. क्षेपणास्त्र तिच्यावर आदळलं. मग पुलाच्या दुसऱ्या टोकासाठी दुसरं सोडलं. धूर होता, गाडी पुढे सरकली होती. तेही गाडीलाच लागलं. किमान 14 माणसं गेली.

दुसऱ्या दिवशी नाटोचे सरसेनापती जनरल वेस्ली क्लार्क यांनी पत्रकारांना फिल्म दाखवली: बघा, गाडी किती झटकन आली. पुढच्या वर्षी एका जर्मन वर्तमानपत्राने उघड केलं, की फिल्म मूळ वेगाच्या जवळपास तिप्पट वेगाने चालवली होती. नाटोने ते तांत्रिक कारणावर ढकललं.

मी शस्त्रं जोडणाऱ्यांतला. उड्डाणाआधी सेफ्टी पिना काढायच्या, त्यांच्या लाल फिती उंच धरून पायलटला दाखवायच्या, मोजायच्या. पुढे काय होतं ते आमच्या हातात नसायचं. "तुम्हाला काही वाटायचं नाही का?" असं विचारणाऱ्यांचा मला राग येतो, आजही. त्या अधिकाऱ्याला पूल दिला होता, तो पूल बघत होता, असं मी नोकरीत असताना ठासून सांगायचो. पहिल्या क्षेपणास्त्रापुरतं अजूनही सांगतो.

दुसऱ्यापाशी अडतो. तेव्हाचा मी म्हणतो, त्याला वाटलं त्या टोकाला गाडी नाही, काम अर्धं राहिलं होतं. आजचा मी म्हणतो, अरे, पण गाडी पुलावर आहे हे एव्हाना माहीत होतं ना! तो म्हणतो, धुरात काय दिसणार? मी म्हणतो, दिसत नव्हतं तर सोडलं कशाला? तो म्हणतो, खाली उभं राहून फिती मोजणाऱ्याने हे विचारू नये. मला ते पटत नाही, आणि खोडूनही काढता येत नाही.