तुम्ही विचारलंत म्हणून: फौजेतल्या धुरानं, केमिकलनं आजार झाला तर दावा करता येतो का?

"क्लार्कसाहेब, अमेरिकेत फौजेतल्या लोकाइले पाण्यापायी कॅन्सर झाला तर करोडो भेटून राहले म्हणते, मंग आपल्याले काऊन नाही?" देवळी-पुलगावकडचा कोणताही माजी सैनिक भेटला की हा प्रश्न येतोच. मी फौजेत क्लार्क होतो, आता लोकांचे अर्ज लिहून देतो, म्हणून मला विचारतात. एकदाचं नीट लिहूनच टाकतो.

अमेरिकेची बातमी खरी आहे. नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅम्प लेजून तळावर ऑगस्ट १९५३ ते डिसेंबर १९८७ पिण्याच्या पाण्यात केमिकल होतं. सर्व्हिसमधल्या इजेसाठी सैनिकानं सरकारवर भरपाईचा दावा लावायचा नाही असा तिथल्या सुप्रीम कोर्टाचा १९५० चा निकाल होता, तो बंद दरवाजा १० ऑगस्ट २०२२ च्या पॅक्ट कायद्यानं या तळावर किमान ३० दिवस राहिलेल्यांसाठी उघडला आणि त्याचीही मुदत १० ऑगस्ट २०२४ ला संपली. तो कायदा त्यांचा, आपल्या कामाचा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर 'फॉर्म भरून देतो' म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

आपल्याकडे मुख्य रस्ता डिसॅबिलिटी पेन्शनचा. त्यात चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही, आजार सर्व्हिसमुळे झाला किंवा सर्व्हिसमुळे वाढला एवढं मान्य व्हावं लागतं आणि अपंगत्व २० टक्के किंवा जास्त लागतं. पण मेडिकल बोर्ड एका ओळीत लिहून मोकळं होतं, की सर्व्हिसमुळे झालाही नाही आणि वाढलाही नाही. बारूद डेपोत पेट्या हलवण्यात जवानी गेली, बंकरमध्ये बुखारीचा, म्हणजे शेगडीचा, केरोसीनचा धूर गिळला, सकाळी थुंकी काळी यायची, आणि कागदावर काय तर 'कॉन्स्टिट्यूशनल', म्हणजे शरीराचाच दोष. मला याचा खरंच राग येतो. टीएनटी या स्फोटकानं लिव्हर खराब होतं, रक्त बनणं बंद पडतं, हे डॉक्टरांना पहिल्या महायुद्धापासून माहीत आहे, तेव्हा इंग्लंडमध्ये बारूद भरणाऱ्या बायांची कातडी पिवळी पडायची.

म्हणून धरमवीर सिंग हे नाव पाठ करून ठेवा. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या केसमध्ये सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि नंतर आजारापायी बाहेर काढलं तर तो सर्व्हिसमुळेच झाला असं धरायचं, तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, आणि बोर्डानं नकार दिला तर कारण लिहायलाच पाहिजे. तुम्ही २१ सप्टेंबर २०२३ नंतर सुटले असाल तर मात्र तुम्हाला नवे नियम लागतात, ते आधी वकिलाला दाखवा.

आता केमिकलची खरी अडचण ही, की आजार लगेच दिसत नाही. माणूस धडधाकट घरी येतो, शेती करतो, आणि मग काही वर्षांनी फुप्फुस नाहीतर लिव्हर बोलायला लागतं. त्याचीही सोय नियमात आहे, सुटल्यावर ठराविक वर्षांत आजार निघाला आणि त्याची सुरुवात नोकरीतच झाली असं सक्षम डॉक्टरांनी मान्य केलं तर तो धरता येतो. पण डिसॅबिलिटी पेन्शनच्या २००८ च्या नियमात एक वाईट कलम आहे. सुटून १५ वर्षं उलटल्यावर दावा केला आणि तोवर रेकॉर्ड नष्ट झालेलं असलं तर सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते! म्हणून आज तब्येत ठणठणीत असली तरी आरटीआय टाकून आपल्या रेकॉर्ड ऑफिसातून मेडिकल कागद मागवा, सुटतानाचा बोर्ड म्हणजे एएफएमएसएफ-१६ तर पाहिजेच पाहिजे, आणि कोणत्या वर्षी कुठं काय काम केलं ते सोबतच्या दोन गड्यांकडून अ‍ॅफिडेव्हिटवर लिहून घ्या, ते गडी आहेत तोवर. दवाखान्यात गेलात तर डॉक्टरांना फौजेतलं काम सांगा आणि केसपेपरवर लिहायला लावा, एवढंच कोणी करत नाही.

नकार आला तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग सशस्त्र सेना न्यायाधिकरण, महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईला. अंतिम नकारापासून ६ महिन्यांची मुदत आहे, उशीर माफ होऊ शकतो. जुनं प्रकरण असलं तरी हिंमत सोडू नका, दर महिन्याची पेन्शन बुडते म्हणून हक्क चालूच राहतो, थकबाकी मात्र सहसा मागच्या ३ वर्षांचीच (सुप्रीम कोर्टाचा तरसेम सिंग निकाल, २००८). वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, २६ जुलै २०२५ ला सैनिक कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजनाही सुरू झाली. जवान त्या आजारानंच गेला असेल तर बाईला स्पेशल फॅमिली पेन्शन मागता येते, हे घरात कोणी सांगतच नाही.

आणि पेन्शनपलीकडे भरपाई? मिळू शकते, पण तिथं कोणाचा तरी हलगर्जीपणा दाखवावा लागतो. ऑपरेशन पराक्रमच्या (फौज पाकिस्तान सीमेवर उभी होती त्या) वेळी २००२ मध्ये एअरफोर्सच्या एका जवानाला फौजेच्याच दवाखान्यात चढवलेल्या रक्तातून एचआयव्ही झाला, तो ग्राहक आयोगामार्फत सुप्रीम कोर्टापर्यंत लढला आणि २०२३ मध्ये सुमारे १ कोटी ५४ लाख मंजूर झाले. तेव्हा फौजेवर दावाच होत नाही असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, फक्त पेन्शनचा अर्ज थांबवून त्याच्या मागं लागू नका.

डेपोत सिव्हिल मजुरी केलेल्या भावांनो, तुमचा रस्ता वेगळा, आधीचा १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा, त्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता आली. त्यात बेंझीनच्या नायट्रो केमिकलचे आजार कामाचे आजार म्हणून लिहिलेले आहेत आणि टीएनटी त्याच घरातलं. दाव्याला साधारण २ वर्षांची मुदत असते, तर हजेरीची पावती, गेटपास, जे असेल ते घेऊन या, मी अर्ज लिहून देतो.